हैबतीची काजळसाळ

हैबतरावाच्या दहाव्याला पिंड वळेनात. वळकी नदीच्या काठावर पन्नास-साठ माणसं चैत्राच्या उन्हात ताटकळत उभी होती आणि हैबतरावाचा मुलगा जयसिंग पातेल्यातला भात दाबून दाबून घामाघूम झाला होता. अर्धा भात हाताला चिकटून बसायचा, अर्धा खडीसारखा निसटून पत्रावळीवर सांडायचा. गुरुजी म्हणाले, पाणी लावा. पाणी लावून झालं. कुणी म्हणालं, तूप लावा. शेवटी एक म्हातारा वैतागून म्हणाला, "आरं, भात शिजवलाय का नुसता दाखवलाय चुलीला?"

हैबतरावाचा जुना मित्र बहिरू पुढे होऊन पातेल्यावर वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. भातातला एक दाणा फुटून पेज झाला होता आणि त्याला चिकटलेला दुसरा टणक होता. पेज झाली ती जिरेसाळ. टणक राहिला तो तांबसाळीचा दाणा, त्याला दुप्पट वेळ लागतो. तो आखूड, गोल दाणा चिमणसाळीचा. हा लांब, पोटात पांढरा ठिपका असलेला रायभोग. बहिरू बोटाने दाणे सारत मोजत गेला. बारा मोजून झाले आणि त्याला पुढे मोजवेना. हैबतरावाने पंचवीस वर्षं जमवलेल्या तेवीसच्या तेवीस जाती एकाच पातेल्यात शिजल्या होत्या.

पिंड कसेबसे मांडले गेले. आता कावळा खोळंबून बसणार, हैबतरावाचं काहीतरी राहून गेलेलं असणार, ते कुणीतरी मोठ्यानं कबूल करायचं आणि मग तो उतरणार, अशी सगळ्यांची तयारी होती. बहिरूनं तर मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण माणसं चार पावलं मागे सरली न सरली तोच कावळा उतरला आणि मधल्या पिंडावर ताव मारू लागला. "सुटला बिचारा," लोक म्हणाले आणि घरची वाट धरू लागले. बहिरूला मात्र मनापासून राग आला. इतक्या सहज सुटतो म्हणजे काय! तेवीस जातींचा सत्यानाश झाला आणि ह्या माणसाला मागे काही राहिल्यासारखं वाटलंच नाही?

हैबतराव आणि बहिरू, ह्या दोघांचं वेड भाताचं होतं. भात पिकवण्याचं नव्हे. कोळवणच्या खोऱ्यात भात सगळेच पिकवतात, त्यात वेड कसलं आलंय. ह्यांना नाद होता भाताच्या जाती जमवण्याचा, कुणाला जुनी नाणी जमवण्याचा असतो तसा. लग्नाला गेले तर वरातीकडे पाठ आणि यजमानाच्या खळ्याकडे तोंड. मूठभर लोंब्या मागून आणायच्या, बांधाच्या कडेला हातभर वाफ्यात लावायच्या, पीक आलं की त्यातली एक जुडी पुढच्या सालासाठी राखायची. हातभर वाफ्यातून खायला काय मिळणार, कपाळ! आणि ह्या नादाला सुट्टी नाही. नाणं पेटीत टाकलं की शंभर वर्षं पडून राहतं. भाताचं बी एक-दोन सालं पेरलं नाही की ते उगवत नाही, मग ते नुसतं खायचं भात. बहिरूची बायको चंद्राबाई म्हणायची, "ह्याच्यापरीस दारू बरी. ती एका दिसात उतरती तरी."

हैबतराव होता सहा फूट उंच, मिशा कानापर्यंत, पण आवाज असा की शेजारच्या माणसानं कान पुढे करावा. घरची शेती भरपूर, शिक्षण चौथीपर्यंत. चालता चालता कुणाच्याही उभ्या शेतात शिरायचा, एखादी लोंबी नाकाशी धरून डोळे मिटायचा, आणि शेताचा मालक शिव्या देत आला की त्यालाच विचारायचा, "बी कुटलं रं हे?" निम्म्या वेळा मालक शिव्या विसरून बी कुठून आणलं ते सांगत बसायचा. लोंब्यांच्या जुड्या तो चुलीवरच्या आडव्या बांबूला टांगून ठेवी, धुरानं कीड लागू नये म्हणून. जुडीला चिठ्ठी नाही, खूण नाही. बहिरू स्वतः अंगठेबहाद्दर, पण प्रत्येक जुडीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायचा. हैबतरावाला चौथीपर्यंतचं लिहिता येत असून तो काही लिहीत नसे. बहिरूनं टोकलं की हसायचा. "पोरांच्या गळ्यात पाटी अडकवून वळखतोस व्हय रं, बहिऱ्या?"

हैबतरावाकडे तेवीस जाती आणि बहिरूकडे एकोणीस. त्यातल्या सोळा दोघांकडे सारख्या. म्हणजे सात फक्त हैबतरावाच्या आणि तीन फक्त बहिरूच्या, आणि ह्या दहांवरून दोघांत वीस वर्षं जी काही तणातणी चालली होती तिला तोड नाही. एकमेकांसाठी जीव टाकतील, पण फुकट दाणा देणार नाहीत. नियम एकच होता. एक जात द्यायची, एक घ्यायची. आणि आपली द्यायची वेळ आली की दोघांचीही मूठ उघडत नसे.

सहा वर्षांपूर्वी हैबतराव आपण होऊन बहिरूच्या दारात आला होता. बहिरूकडे खडक्या नावाची जात होती. तांदूळ जाडाभरडा, पण डोंगरउतारावर, मुरमाड जमिनीत, पाणी साचत नाही तिथेही येणारी. हैबतराव म्हणाला, "पायलीभर खडक्या दे." बहिरूला हसू आलं. ह्याची शेती सगळी खोऱ्यात, पाण्याखालची, ह्याला खडक्या कशाला हवी? संधी साधून तो म्हणाला, "काजळसाळ दे, खडक्या ने."

काजळसाळ ही हैबतरावाच्या सातांतली सर्वांत देखणी. लोंबीला बोटभर लांब कुसळं, ती काळीभोर, आणि आतला दाणा पांढरा. बहिरूनं ती त्याच्या चुलीवर टांगलेली बघून बघून डोळे दुखवून घेतले होते. हैबतराव म्हणाला, "ती माझी न्हाई देयाला." बहिरू म्हणाला, "मग खडक्याबी न्हाई." हैबतराव उठून गेला. त्या दिवशी बहिरू विडी ओढत, आपण कसा पेच टाकला म्हणून स्वतःवरच खूष होऊन बसला होता.

तर हे दहाव्याच्या आधीचं. दहाव्याच्या दिवशी दुपारी बहिरू हैबतरावाच्या घरी गेला तेव्हा चुलीवरचा बांबू रिकामा होता. हैबतरावाची बायको सगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती. बहिरूची नजर बांबूकडे गेलेली तिनं पाहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "जिवापाड जपलेलं भात त्यांनी. मी म्हनलं, त्यांच्याच पिंडाला लागावं. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाई. मीच झोडपलं, मीच कांडलं. एकेक दाना येगळाच निघाला बगा, पिंडाचं जरा हसं झालं. पन बरं केलं न्हवं मी?"

तिचे डोळे सुजलेले होते. तिनं दहा दिवसांत धड अन्न घेतलं नव्हतं, आणि हे कांडण तेवढं तिनं मनापासून, नवऱ्यासाठी केलं होतं.

"बरं केलंत, वहिनी," बहिरू म्हणाला आणि बाहेर पडला.

घरी येऊन तो आधी हैबतरावावर भडकला. चिठ्ठी लावली असती तर? बायकोला दोन शब्द सांगून ठेवले असते तर? तेवीस जाती डोक्यात घेऊन हा गडी खुशाल नांगरामागे चालता चालता छाती धरून खाली बसतो आणि उठतच नाही! चंद्राबाईनं ऐकून घेतलं. मग तिनं भाकरीचं पीठ मळता मळता विचारलं, "आनि तुमी त्याला मूठमूठ दिली असती, त्यानं तुमाला दिली असती, तर आज सगळी आपल्या घरात असती का न्हाई?"

अशा वेळी बहिरूला चंद्राबाईचा फार राग यायचा, कारण ती बरोबर असायची. पण त्या संध्याकाळी त्यानं ठरवलं. सोळा जाती त्याच्याकडे होत्याच. हैबतरावाच्या सात परत मिळवायच्या. रोहिणीत कोरड्या धुळीत बी टाकायचं असतं, तोवर चाळीस-पंचेचाळीस दिवस होते. त्याच्या आत सातही जाती हातात आल्या पाहिजेत. कावळ्यानं मागितलं नाही तर नाही. बहिरू कावळ्याला विचारायला जाणार नव्हता.

मग सुरू झाली पायपीट. हैबतरावाच्या सोयऱ्यांची गावं बहिरूला पाठ होती. पौडच्या बाजारात त्यानं ओळखीच्या प्रत्येक शेतकऱ्याला अडवलं. एकदा तर सुटायला आलेल्या एसटीत चढून, कंडक्टरचं बोलणं खात, पलीकडच्या गावच्या एका पाटलाला त्यानं भाताच्या जातीवरून भंडावून सोडलं. त्या सालांत भातलावणीच्या जपानी पद्धतीची लाट होती. ग्रामसेवक गावोगाव दोऱ्या घेऊन फिरत. ओळीत लावा, एकेक रोप सुटं लावा, सुधारित बी वापरा. पीक खरोखरच जास्त यायचं, मग जुनं बी ठेवतो कोण? भुकूमला हैबतरावाचा साडू वाल्मीक राहायचा. तो म्हणाला, "आता कुटलं ते जुनं भात! तुमीबी दोरी धरा, बहिरूबाबा." बहिरू म्हणाला, "दोरी तुलाच लाभू दे," आणि त्याच्याच म्हातारीकडून, उतरंडीच्या तळातल्या मडक्यातून, एक जात उकरून घेऊन आला.

सातांतल्या चार अशा मिळाल्या. प्रत्येक ठिकाणी बदल्यात काहीतरी द्यावं लागलं, आणि पहिल्यांदा बहिरूनं घासाघीस केली, दुसऱ्यांदा केली, पण तिसऱ्यांदा त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्यानं मागितलं ते देऊन टाकलं. दोन जाती कायमच्या गेल्या. त्यातली एक फक्त धोंडाबाई नावाच्या विधवेच्या शेतात होती, आणि ती म्हणाली, "गेल्या दिवाळीत शेवटचं उकडून खाल्लं की रं बाबा." बहिरू तिच्या ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि परत फिरला.

उरली काजळसाळ. ती हैबतरावानं कुठून आणली हे तो कुणालाच बोलला नव्हता. वैशाख अर्धा सरला होता. बहिरू आडून आडून विचारायला सगुणाबाईकडे गेला. ती आठवून म्हणाली, "नाव-गाव काय ठावं न्हाई मला. पन सालातनं दोनदा वर डोंगरवाडीला जायचे खरं. मार्गशीर्षात पिशवी भरून आनायचे, वैशाखात भरून न्यायचे. काय काम म्हनलं तर नुसतं हसायचे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बहिरू डोंगर चढू लागला. बावन्न वर्षांचं वय, खालची सपाट शेती कसलेले पाय. तीन ठिकाणी बसून, स्वतःला आणि हैबतरावाला शिव्या देत तो वर पोचला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. वाडी म्हणजे आठ-नऊ कुडाची घरं. पहिल्याच घरापुढे चिंधू नावाचा म्हातारा टोपली विणत होता. बहिरूनं हैबतरावाचं नाव घेताच तो लगबगीनं उठला आणि त्यानं बायकोला हाक मारली. कोंडाबाई हात पुसत बाहेर आली.

"तुमी हैबतबाबाचं कोन?" तिनं विचारलं.

"मैतर."

"मंग बी तुमच्यापाशी दिलंय व्हय त्यानं? यंदा लई उशीर क्येला. आमी रोज वाटंकडं बगतोय."

बहिरूच्या हातात रिकामी पिशवी होती. ती भरून न्यायला तो आला होता.

त्यानं आधी हैबतराव गेल्याचं सांगितलं. चिंधूनं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि तो खाली बसला. कोंडाबाईनं थोडा वेळ डोळ्याला पदर लावला आणि मग एकेक करून सगळं सांगितलं. काजळसाळ वाडीची, तिच्या सासूच्या सासूपासूनची. होळी झाली की घरात दाणा उरायचा नाही, पोरं रडायला लागली की बियाचं मडकं फोडलं जायचं. असं लागोपाठ तीन सालं झालं आणि अख्ख्या वाडीत मूठभर बी उरलं. त्या साली हैबतराव लोंब्या हुंगत हुंगत वर आला होता. तो म्हणाला, हे मूठभर माझ्याकडं ठेवा, मी वाढवून देतो. तेव्हापासून पीक निघालं की वाडी आपलं बी त्याच्याकडे ठेवायची आणि पेरणीच्या आधी तो ते वर आणून द्यायचा. स्वतःसाठी त्यातली एक जुडी मागून घ्यायचा.

"धा-बारा सालं झाली," कोंडाबाई म्हणाली. "येकदा म्हनला, माझ्या मैतराकडं खडक्या हाय, ती तुमच्या मुरमाला चांगली, आनतो. पन आनली न्हाई. जमलं नसंल त्याला."

बहिरूची मान खाली गेली. जन्मात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. *ती माझी न्हाई देयाला.* अगदी खरं तेच सांगितलं होतं हैबतीनं, आणि आपण त्याला कंजूष समजलो. खडक्या त्याला ह्या लोकांसाठी हवी होती, तेही तो सांगू शकला असता. पण आपण सौदा पुढे केला आणि तो उठून गेला. सहा सालं ह्या वाडीनं खडक्याशिवाय काढली, ती आपल्या एका विडीच्या खुषीपायी.

आता उरलेलं सांगणं भाग होतं. सगुणाबाईनं भात कसं झोडपलं, कसं कांडलं, पिंडाला कसं लावलं, ते त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं. जुड्यांशेजारी तो दरसाल बघायचा त्या दोन भरल्या पिशव्या वाडीच्याच बियाच्या, त्याही त्यातच गेल्या असणार. त्याला वाटलं, आता ही माणसं तोंडावर दार लावतील.

कोंडाबाई मात्र विचारात पडली. "पिशव्यातलं ग्येलं ते ग्येलं," ती म्हणाली. "पन लोंब्या तिनं झोडपल्या म्हनता? आवो, काजळसाळ झोडपून सुटती व्हय! दाना लोंबीला धरून बसतो. आमी पायानं मळतो, तवा निगतो. झोडपलेल्या काडात दाना ऱ्हायला असंल की."

बहिरू उठलाच. झोडपून रिकाम्या झालेल्या लोंब्या कोण जपून ठेवतो? कोळवणात असलं काड एकाच ठिकाणी जातं, राबाला. बी पेरायच्या आधी वाफ्यावर शेण, तोडून वाळवलेल्या फांद्या, काड, पालापाचोळा आणि वर माती असे थर रचून ते पेटवतात, त्याला राब भाजणं म्हणतात. बहिरू कड्याच्या टोकाशी आला. खाली खोऱ्यात ठिकठिकाणी राब पेटले होते.

चढायला तीन तास लागलेला डोंगर तो कसा उतरला हे त्यालाही नंतर सांगता येईना. पागोटं करवंदीच्या जाळीत अडकलं ते तसंच राहिलं, एक वहाण तुटली ती फेकून दिली. हैबतरावाच्या शेताशी पोचला तेव्हा जयसिंगनं राबाचा एक कोपरा पेटवला होता आणि आग फांद्यांत शिरत होती. बहिरूनं बांधावरचा हिरवा डहाळा मोडून घेतला आणि तो आगीवर तुटून पडला.

"काका, आवं काय करताय! राब हाय त्यो!"

"इझव! आधी इझव, मंग इचार!"

वडिलांचा मित्र दुःखानं चळला असंच जयसिंगला वाटलं, पण तो भला मुलगा होता. त्यानं पाण्याची घागर ओतली, मग माती टाकली. एक चतुर्थांश राब जळून गेला, बाकी वाचला. ओरडा ऐकून सगुणाबाई घरातून धावत आली. बहिरू धुरानं काळा झालेला, अनवाणी, धापा टाकत वाफ्यात बसला होता.

"वहिनी, झोडपलेलं काड ह्याच्यात कुटल्या अंगाला टाकलंत?"

"मधल्या थराला. का?"

आता लपवून भागण्यासारखं नव्हतं. त्यानं सांगितलं. तेवीस जाती, त्यांचं दर सालचं पेरणं, डोंगरवाडी, पिशव्या, सगळं. सांगताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. सगुणाबाईच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं तेवढं जयसिंगनं पाहिलं. मग तिनं पदर खोचला, राबावर चढली आणि हातांनी माती उपसू लागली.

दिवस मावळेपर्यंत तिघं काड निवडत होती. काळं कुसळ दिसलं की लोंबी बाजूला घ्यायची आणि तळव्यावर चोळायची. बहुतेक पोकळ निघत. एखादीच्या देठाशी दाणा सापडे. बहिरूला वीस मिळाले, जयसिंगला तेरा. सगुणाबाईच्या पदरात अठ्ठावीस होते. तिनं ते बहिरूच्या ओंजळीत टाकले आणि तेव्हा कुठे ती रडली. "तुमी मला बरं केलं म्हनलात, भाऊजी," ती म्हणाली. "असं खोटं बोलू नये मानसानं." बहिरूनं मान हलवली. तिचं खरं होतं.

एकसष्ट दाण्यांत वाडीची पेरणी होत नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी बहिरूनं आपली खडक्या काढली, वाफ्यापुरती मूठभर ठेवून बाकी सगळी, साडेतीन पायली, आणि तो पुन्हा डोंगर चढला. चिंधूनं विचारलं, "बदल्यात काय देऊ?" बहिरू इतक्या जोरात "काय नगं" म्हणाला की म्हातारा दचकला.

आणि एकसष्ट दाणे त्यानं आपल्या वाफ्यात, काट्यांचं कुंपण घालून पेरले. अठ्ठेचाळीस उगवले. लावणीच्या वेळी बहिरू भुकूमला गेला आणि वाल्मीककडून दोरी मागून घेऊन आला. नेहमीसारखी चार-पाच रोपं एकत्र लावायची चैन त्याला परवडणार नव्हती. दोरी ताणून, वीत-वीत अंतर सोडून, एकेक रोप सुटं, ग्रामसेवक सांगे तसंच त्यानं लावलं. बांधावर उभी राहून चंद्राबाई पोट धरून हसत होती. "जपानी जावई आला गं बाई माझ्या घरी!" बहिरूनं तिच्याकडे बघितलं नाही. चिखलात वाकून त्यानं अठ्ठेचाळिसावं रोप लावलं आणि मगच कंबर सरळ केली.

त्या पावसाळ्यात तो रोज त्या वाफ्यावर जायचा. खेकडे वेचायचा, तण काढायचा, पाखरं राखायचा. शेजारचा गेणबा म्हणायचा, अठ्ठेचाळीस रोपांना एक गडी, एवढी बडदास्त राजाच्या पोरांची नसती. दिवाळीनंतर काळी कुसळं वाऱ्यावर हलू लागली. बहिरूनं ती झोडपली नाहीत. पायानं मळली, आणि पावणेदोन शेर काजळसाळ निघाली.

मार्गशीर्षात ती घेऊन तो वर गेला. खडक्या वाडीला मानवली होती, घरोघर थोडी थोडी होती. कोंडाबाईनं काजळसाळ सुपात ओतली, बोटांतून गाळून बघितली आणि सगळीच्या सगळी पुन्हा पिशवीत भरून त्याच्यापुढे सरकवली.

"आता तुमी ठेवा," ती म्हणाली. "वैशाखात आना."

वर्षापूर्वीचा बहिरू ह्या शब्दांनी हुरळून गेला असता. ह्या बहिरूनं पिशवी परत सुपात उलटी केली आणि तिचे हातानंच तीन ढीग केले. एक कोंडाबाईकडे सारला. "हा तुमच्या लेकीच्या, सोनीच्या सासरी जाऊ द्या. ती खालच्या वाडीत हाय, तितं दाना-पानी बरं हाय. एक माझ्या घरी. एक हैबतीच्या घरी. एकाच घरात ठेवायचं न्हाई, बाई. मानूस मरतो."

खाली उतरून तो तडक हैबतरावाच्या घरी गेला. सगुणाबाई अंगणात वाळवण आवरत होती. त्यानं तिसरी पुरचुंडी पुढे केली तेव्हा ती मागे सरली.

"माज्याकडं नगं, भाऊजी. माज्या हातानं एकदा सगळं ग्येलंय."

"तुमच्याच हातानं अठ्ठावीस दानं परत आल्यात. धरा."

तिनं पुरचुंडी घेतली. मग घरात गेली, पाट आणून तिनं तो ओट्यावर टाकला, आणि जयसिंगच्या मुलीची वही-पेन्सिल आणून पाटाशेजारी ठेवली. सुनेला हाक मारून तिनं तिलाही समोर बसवलं. सून सातवी शिकलेली होती.

"बसा," सगुणाबाई बहिरूला म्हणाली. "कंदी नाव ठावं न्हवतं की गाव ठावं न्हवतं, पंचवीस सालं नुसता धूर दिला त्या जुड्यांना. आता किती जाती हायेत तुमच्याकडं? सगळ्या सांगा. नाव, कुटनं आनली, दाना कसा, शिजती कशी, झोडपायची का मळायची. ही लिहून घ्येती, मी ध्यानात ठेवते. मला न कळता माझ्या हातनं परत काय कांडायचं न्हाई मला."

"चोवीस हायेत, वहिनी. सांज होईल."

"होऊ द्या."

बहिरू पाटावर बसला आणि त्यानं रायभोगापासून सुरुवात केली.